तीन महिन्यांचं पाणी

थंडीत संध्याकाळी मागच्या अंगणातल्या हॉट टबचं, म्हणजे चार-पाच जणांनी बसायच्या गरम पाण्याच्या हौदाचं, झाकण उचललं की आधी वाफेचा लोट अंगावर येतो आणि त्याच्या पाठोपाठ वास. स्विमिंग पूलच्या कपडे बदलायच्या खोलीत असतो तसा, डोळ्यांना किंचित झोंबणारा. सॅन होजेजवळच्या एका घरात असंच झाकण उघडलं गेलं तेव्हा जावईबापू समाधानाने म्हणाले, "वास आला ना? क्लोरीन भरपूर आहे. पाणी एकदम स्वच्छ." पुण्याहून लेकीकडे राहायला आलेल्या सासूबाई मात्र एक पाऊल मागे सरल्या. "हे पाणी भरलंय कधी गं?" त्यांनी लेकीला विचारलं. "नोव्हेंबरात, आई." तेव्हा फेब्रुवारी चालू होता. सासूबाईंनी पुढे काही विचारलं नाही, पण त्या पाण्यात पायही बुडवला नाही. खटकत राहिलं ते असं की शंका बरोबर होती सासूबाईंची, आणि तिचा पुरावा जावयाच्याच वाक्यात होता. भरपूर क्लोरीन असलेल्या पाण्याला तो वास येतच नाही.

तो वास क्लोरॅमाइनचा. घाम आणि लघवीतले युरिया-अमोनियासारखे पदार्थ क्लोरीनला चिकटले की क्लोरॅमाइन तयार होतं. ते डोळ्यांना झोंबतं, नाकात जातं आणि जंतू मारायच्या कामी फारसं येत नाही. म्हणजे वास येतोय याचा अर्थ मोकळं क्लोरीन अंगावरच्या घाणीशी लढण्यातच संपलं. उपाय उलटा वाटतो, पण तोच खरा: आणखी क्लोरीन घालायचं. अडकलेलं क्लोरीन जितकं असेल त्याच्या साधारण दहापट मोकळं क्लोरीन एकदम टाकलं की ते संयुग तुटतं. नंतर जेट, म्हणजे टबाच्या भिंतीतले पाण्याचे फवारे, चालू ठेवून अर्धा तास झाकण उघडं ठेवायचं. लगेच झाकलं तर सुटलेले वायू झाकणाच्या आतल्या अस्तरावर साचतात आणि ते कुजवतात. चार-पाचशे डॉलरचं झाकण अनेक घरांत खालच्या बाजूने आधी जातं, त्यामागे बहुतेकदा ही घाई असते.

मग पाणी रोज का बदलत नाहीत? हिशेब करून बघा. घरगुती टबात सुमारे ४०० गॅलन, म्हणजे १५०० लिटर पाणी मावतं. आपल्या वीस लिटरच्या पंचाहत्तर बादल्या. नळाचं पाणी १५ अंशांचं असेल तर ते ४० अंशांवर न्यायला सुमारे ४४ युनिट वीज लागते. साडेपाच किलोवॉटचा हीटर असेल तर आठ तास, साध्या ११० व्होल्टच्या प्लगवर चालणारा दीड किलोवॉटचा असेल तर सव्वा दिवस. एका संध्याकाळच्या बुडीसाठी कुणी एवढं करणार नाही. म्हणून पाणी तेच ठेवायचं, गरमच ठेवायचं आणि राखायचं. पाणी कधी बदलायचं याचा एक जुना आडाखा आहे: गॅलनच्या आकड्याला रोज बसणाऱ्या माणसांनी भागा, पुन्हा तीनने भागा, येतील तितके दिवस. ४०० गॅलन आणि दोन माणसं असतील तर ६७ दिवस. म्हणजे सासूबाईंचा नोव्हेंबर-फेब्रुवारीचा हिशेब या आडाख्यालाही पटला नसता.

पाण्यात बसणं आपल्याला परकं नाही. वज्रेश्वरीला, अकलोलीला, गणेशपुरीला, उन्हवऱ्याला, राजापूरला माणसं पिढ्यान् पिढ्या गरम कुंडात उतरत आली आहेत. पण त्या कुंडांत खालून ताजं पाणी येत राहतं आणि कडेने वाहून जातं. घरी तर आपण पाण्यात बसतच नाही, पाणी अंगावर घेतो. बंबातलं कढत पाणी बादलीत विसावायचं, तांब्याने अंगावर यायचं आणि मोरीतून निघून जायचं. एकदा अंगाला लागलेलं पाणी पुन्हा अंगाला लागणार नाही, हा नियम कुणी शिकवावा लागत नाही. जपानी घरात मात्र पाणी साठवलेलंच असतं. ओफुरोच्या खोल टबात घरातली सगळी माणसं एकामागून एक त्याच पाण्यात बसतात, आणि कित्येक घरांत उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी कपडे धुवायलाही जातं. ते चालतं, कारण टबाच्या बाहेर एक छोटं स्टूल आणि एक लहान बादली असते. आधी त्या स्टुलावर बसून साबणाने अंग घासायचं, साबणाचा कणही उरणार नाही असं धुवायचं आणि मगच टबात उतरायचं. टब अंघोळीनंतरचा असतो.

साठच्या दशकात कॅलिफोर्नियाने जपानकडून टब घेतला. स्टूल तिथेच राहिलं.

पुढची सगळी रसायनं, गाळण्या, पट्ट्या, मीटर हे त्या राहून गेलेल्या स्टुलाचं भाडं आहे, असं माझं मत आहे. एक माणूस ४० अंशांच्या पाण्यात तासभर बसला की त्याच्या अंगातून निघालेलं निस्तरायला सुमारे १५ ग्रॅम डायक्लोर (क्लोरीनची एक पावडर) किंवा ६ टक्क्यांचं दीडशे मिली ब्लीच खर्ची पडतं. चार जण दोन तास गप्पा मारत बसले तर लिटरभराहून जास्त ब्लीच. हे ऐकून लोकांना धक्का बसतो, कारण पोहण्याच्या तलावाची सवय डोळ्यांना असते. पण १५०० लिटरमध्ये चार माणसं म्हणजे माणशी ३७५ लिटर पाणी. घरगुती तलावात ७५ हजार लिटर पाणी असेल तर तिथे त्याच दाटीसाठी २०० माणसं उतरवावी लागतील. त्यात पाणी गरम, म्हणजे घाम जास्त आणि क्लोरीनही भराभर उडून जाणारं. आत शिरण्याआधी साधा शॉवर घेतला तरी हा खर्च बराच खाली येतो. दिवाळीत तर मराठी घरांनी विशेष सांभाळावं. अभ्यंगाचं तेल आणि उटणं अंगावर असताना टबात उतरलं की कडेला राखाडी चिकट रेघ उमटते, गाळणीचे घड्यांचे पडदे तेलाने बुजतात आणि पुढचे दोन आठवडे जेट लावले की फेस येतो. फेसाचं दुसरं कारण पोहण्याचे कपडे. वॉशिंग मशीनमधून काढलेल्या स्विमसूटमध्ये डिटर्जंट उरतो. हे कपडे नुसत्या पाण्यात खळबळून वापरावेत.

टब कॅलिफोर्नियात घरी कसा बांधला जायचा ते समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यात फारसं काही नव्हतंच. बिग सर या तिथल्या किनारपट्टीच्या कड्यावर नैसर्गिक गरम झऱ्यांशेजारी १९६२ मध्ये मायकेल मर्फी आणि डिक प्राइस यांनी एसालेन हे आत्मशोधाचं केंद्र सुरू केलं (मर्फी त्याआधी पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमात राहून आले होते, हे जाता जाता). समुद्राच्या वर, उघड्यावर, गरम पाण्यात माणसं एकत्र बसायला लागली. सगळ्यांच्या घरी झरा कुठून येणार? दक्षिणेला सांता बार्बराच्या आसपास लोकांनी रेडवूडची जुनी पिंपं मिळवली. वाइन बनवणाऱ्यांची, पाणी साठवण्याची. तेव्हा वाइनवाले लाकडाकडून स्टेनलेस स्टीलकडे वळत होते, आणि पाच फूट रुंद, चार फूट खोल लाकडी पिंपं स्वस्तात निघत होती. पिंपाच्या बुडाला भोक, एक पंप, एक गॅसचा किंवा लाकडाचा बंब, दोन नळ्या. झालं. त्यात बसायला एक फळी आणि वर आकाश.

पिंप नवं बनवायचं झालं तर ते सुतारापेक्षा बुधले करणाऱ्याचं काम. रेडवूडच्या गाभ्याच्या दीड-दोन इंच जाड उभ्या फळ्या, कडा किंचित तिरक्या तासलेल्या, म्हणजे एकमेकींना लावल्या की आपोआप गोल होतात. प्रत्येक फळीच्या आत, तळापासून दोन-तीन इंच वर एक आडवी खाच, त्या खाचेत तळाच्या फळ्यांची कड बसते. कुठेही सरस नाही, सीलंट नाही, खिळा नाही. बाहेरून लोखंडी सळ्यांच्या कड्या आवळायच्या. तळाशी पाण्याचा दाब जास्त म्हणून खालच्या कड्या जवळजवळ, वरच्या लांब. मग पाणी भरायचं आणि गळू द्यायचं. पहिले दोन-चार दिवस पिंप सगळ्या सांध्यांतून गळतं. लाकूड पाणी पिऊन फुगतं, फळ्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि गळती आपली आपण थांबते. इथे अधीर माणूस पाना घेऊन कड्या आणखी आवळतो, नंतर लाकूड फुगतं, जागा उरत नाही आणि फळ्यांच्या कडा चिरडतात. खालचे वासे कुठे ठेवायचे तेही लोक चुकतात. भरलेल्या पिंपाचं वजन पावणेदोन टन असतं आणि ते वजन तळाच्या फळ्यांखालच्या वाशांवर यायला हवं. उभ्या फळ्यांची टोकं जमिनीला टेकली की वजन त्यांच्यावर येतं आणि तळ खाचेतून सुटतो.

पहिलं पाणी चहासारखं लालसर होतं. रेडवूडमधलं टॅनिन उतरतं. दोन-तीनदा पाणी बदललं की रंग जातो, वास थोडा मागे राहतो, आणि तो वास ज्यांना आठवतो ते अजूनही प्लास्टिकच्या टबाला नावं ठेवतात. मला त्यांचं म्हणणं अर्धंच पटतं. ओलं लाकूड गरम पाण्याखाली असतं तेव्हा त्याच्या रंध्रारंध्रांत जंतू ठाण मांडतात, आणि ते मारायला क्लोरीन वाढवलं की लाकडातलं लिग्निन विरघळतं, आतला पृष्ठभाग केसाळ, मऊ होतो, नखाने खरवडला तर निघतो. क्लोरीन कमी ठेवावं तर जंतू, जास्त ठेवावं तर लाकूड. शिवाय पिंप कधी कोरडं ठेवता येत नाही. उन्हाळ्यात महिनाभर रिकामं राहिलं की फळ्या आकसतात, कड्या सैल पडतात, आणि पुढच्या वेळी आख्खं पिंप कलतं. यंत्रांपासून सुटका हवी म्हणून लोक ज्या लाकडी पिंपात जाऊन बसले, त्याला दोन दिवसही विसरून चालत नव्हतं.

दुसरी वाट पंपांच्या कारखान्यातून आली, आणि त्या वाटेची सुरुवात विमानांपासून आहे. इटलीतल्या फ्रिउलीहून आलेले याकुझ्झी बंधू (आपण ‘जकूझी’ म्हणतो ते नाव यांचंच) बर्कलीत विमानाचे पंखे बनवत. त्यांनी बंद केबिनचं एक छोटं प्रवासी विमानही बनवलं. १९२१ मध्ये मोडेस्टोजवळ ते कोसळलं आणि त्यात एक भाऊ गेला. विमानं थांबली, पण पंख्याने हवा ढकलण्याचं गणित हाताशी होतं, ते त्यांनी पाण्याला लावलं. १९२६ च्या सुमारास त्यांचा खोल विहिरीचा जेट पंप आला. आपल्याकडे विहिरीवर, बोअरवर बसतो तो दोन नळ्यांचा जेट पंप याच तत्त्वाचा. एका नळीतून दाबाने पाणी खाली सोडायचं, ते अरुंद तोंडातून वेगाने निसटताना आजूबाजूचा दाब पडतो आणि विहिरीतलं पाणी त्या पोकळीत ओढलं जाऊन दुसऱ्या नळीने वर येतं. कोरडवाहू पट्ट्यात ज्याने असा पंप उतरवला आहे त्याला हॉट टबचा जेट समजावून सांगायला नको. तिथे खालचं पाणी ओढलं जातं, इथे वरची हवा.

भावांतल्या धाकट्या कँडिडोच्या मुलाला, केनेथला, अगदी लहानपणी सांधेवात जडला. इस्पितळात त्याला घुसळत्या गरम पाण्यात ठेवत आणि त्याला बरं वाटे, पण तिथे जाणं ठरावीक दिवशीच. १९४८ मध्ये बापाने घरच्या बाथटबमध्ये बुडवता येईल असा एक पंप तयार केला. १९५६ मध्ये तो जे-३०० नावाने विकायला आला, तोही उपचाराचं साधन म्हणून. न्हाणीघरातल्या चैनीत त्याचं रूपांतर केलं ते पुढच्या पिढीतल्या रॉय याकुझ्झीने. १९६८ मध्ये त्याने जेट टबाच्या भिंतीतच बसवले आणि हवा-पाण्याचं प्रमाण निम्मं निम्मं ठेवलं. जेटच्या अरुंद गळ्यातून पाणी निसटताना वरच्या काठावरच्या बटणातून हवा आत ओढली जाते. ते बटण मिटलं की मार टणक लागतो, उघडलं की मऊ. बुडबुडे येत नसतील तर मेकॅनिकला बोलावण्याआधी ते बटण फिरवून बघावं. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. हेही ध्यानात ठेवावं की बाहेरची थंड हवा पाण्यात शिरते तेव्हा पाणी गार होतं, आणि बुडबुडे विरघळलेला कार्बन डायऑक्साइड हाकलून देतात, त्यामुळे पीएच वर चढतो.

सत्तरच्या दशकात दोन्ही वाटा एकत्र आल्या. लाकडाचं बाहेरपण, उपचाराचे जेट. फायबरग्लास आला, मागोमाग अॅक्रिलिक. अॅक्रिलिकचा पत्रा भट्टीत मऊ करून साच्यावर निर्वाताने ओढायचा, थंड झाला की मागून फायबरग्लास आणि रेझिनचे थर द्यायचे. आता बसायची जागा पाठीच्या वळणाप्रमाणे घडवता येऊ लागली, कोपऱ्यात आडवं पडायची जागाही. पंप, हीटर, नियंत्रण सगळं एकाच कपाटात. ट्रकमधून आणायचा, सिमेंटच्या चार इंची स्लॅबवर ठेवायचा, पाणी भरायचं. बांधकाम उरलं नाही, खरेदी उरली. टब मोजक्या अंगणांतून सर्वसामान्य अंगणांत गेला तो इथे, असं मला वाटतं. बाकी सगळी जीवनशैलीची वर्णनं नंतरची.

पण त्या गुळगुळीत कवचात चाळीस जेट असतील तर चाळीस भोकं असतात, प्रत्येकाला दोन नळ्या, एक पाण्याची, एक हवेची. त्या सगळ्या पीव्हीसीच्या, सरसाने चिकटवलेल्या, आणि उष्णता राहावी म्हणून कवचाखाली फवारलेल्या घट्ट फोममध्ये गाडलेल्या. दहा वर्षांनी एक सांधा सुटला की पाणी त्या फोममध्ये मुरतं आणि भलतीकडूनच बाहेर येतं. ओल जिथे दिसते तिथे गळती नसते. जाणकार मेकॅनिक टब आपोआप रिकामा होऊ देतो आणि पाणी ज्या पातळीला थांबतं तिथले जेट तपासतो. मग हातानेच, चमच्याने, फोम खरवडत जातो. पुन्हा भरताना पाइप गाळणीच्या खळग्यात सोडायचा, नाहीतर पंपात हवा अडकते, पंप घुर्रघुर्र आवाज करतो, पडद्यावर प्रवाहाची चूक दाखवतो. पंपाजवळचा मोठा सांधा हाताने किंचित सैल करायचा, हवा फुसफुसून पाण्याचे थेंब आले की आवळायचा. हीटर वारंवार बंद पडत असेल तर हीटरवर संशय घेण्याआधी गाळणी काढून टब चालवून बघावा. चालला तर दोष गाळणीचा. दर आठवड्याला गाळणी पाइपाने धुवायची, महिन्यातून एकदा तिच्यासाठीच्या द्रावणात रात्रभर बुडवायची, वर्षाने बदलायची. डिशवॉशरमध्ये घालू नये, लोक घालतात.

झाकणाबद्दल कुणी बोलत नाही, पण घरगुती हॉट टब परवडतो तो झाकणामुळे. उष्णता मुख्यतः वरून जाते. मधोमध चार इंच, कडेला दोन इंच अशा उतरत्या फोमच्या दोन पाट्या, प्लास्टिकच्या पातळ आवरणात सीलबंद, वर विनाइल. कॅलिफोर्नियाने २००६ मध्ये विजेची मर्यादाच घातली: तेव्हाच्या नियमाने नुसता झाकून गरम ठेवलेला ४०० गॅलनचा टब सरासरी २७० वॉटच्या आसपासच ओढू शकत होता, म्हणजे दिवसाला साडेसहा युनिट. आतलं सीलबंद आवरण फाटलं की वाफ फोममध्ये शिरते आणि तिथेच राहते. तीन-पाच वर्षांत झाकण एका माणसाला उचलेनासं होतं. तेव्हा ते वाळवत बसू नये, वाळत नाही.

आता रसायनांचं. आकडे इतकेच: मोकळं क्लोरीन किमान ३ पीपीएम (दहा लाख भागांत तीन भाग), क्लोरीनऐवजी ब्रोमीन असेल तर ४ ते ८, पीएच ७.२ ते ७.८, अल्कलिनिटी (पीएच सावरून धरणारी क्षारता) ८० ते १२०, कॅल्शियम १५० ते २५०. पीएच खाली गेला की हीटरची नळी खाल्ली जाते, वर गेला की तिच्यावर चुन्याचा थर बसतो आणि क्लोरीनही आळसावतं. जेट फार चालतात तिथे पीएच सतत चढतो. ब्लीच वापरणारे म्हणून अल्कलिनिटी मुद्दाम ५०-६० वर ठेवतात. डायक्लोर सोयीचं असतं, पण त्यातलं सायन्युरिक आम्ल पाण्यात साचत जातं: दर १० पीपीएम क्लोरीनमागे ९ पीपीएम. ते उडत नाही, गाळलं जात नाही, आणि वाढलं की क्लोरीनचे हात बांधतं. पाणी तपासायची पट्टी ३ पीपीएम दाखवते आणि जंतू मजेत असतात. सीडीसी ही अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था तर हॉट टबमध्ये असलं क्लोरीन वापरूच नका म्हणते. घरचे बरेच जाणकार नव्या पाण्यात पहिले नव्वद-एक ग्रॅम डायक्लोर वापरून पुढे बिनवासाच्या, न दाटवलेल्या साध्या ब्लीचवर येतात. १५०० लिटरला २५ मिली ब्लीच म्हणजे १ पीपीएम. तलावातल्या गोल गोळ्या मात्र टबात कधीही टाकू नयेत. त्या फार आम्लधर्मी असतात आणि तळाशी पडून राहिल्या तर कवच जाळतात.

इतकं काटेकोर कशासाठी, तर ३८-४० अंश माणसाला जसे सुखावतात तसे काही जंतूंनाही. स्यूडोमोनासने पोहण्याच्या कपड्याखाली, जिथे ओल दाबून राहते तिथे, खाजरे लाल पुरळ उठतात. हे बहुतेकदा आठवड्याभरात आपोआप जातं. लेजिओनेला गंभीर असतो. तो पाण्यातून नव्हे, जेटने उडवलेल्या तुषारांतून फुफ्फुसात जातो, म्हणून आत न बसलेलाही आजारी पडू शकतो. १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्स्पेलच्या फुलांच्या प्रदर्शनात विक्रीसाठी मांडलेल्या टबांच्या तुषारांनी किमान ३२ जणांचा जीव घेतला. तिथे टबात कुणी बसलंच नव्हतं, माणसं जवळून चालत गेली होती. जंतू मोकळ्या पाण्यात कमी, नळ्यांच्या आतल्या बुळबुळीत थरात जास्त राहतात. म्हणून पाणी काढण्याआधी नळ्या साफ करायचं द्रावण घालून जेट चालवायचे. नळ्यांतून तपकिरी, राखाडी लोळ बाहेर येतात ते एकदा बघितले की पुन्हा कुणाला आठवण करून द्यावी लागत नाही. यातलंच दुसरं भय तळाच्या जाळीचं, जिच्यातून पंप पाणी ओढतो. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात २००२ मध्ये हॉट टबच्या तळाच्या जाळीच्या ओढीला अडकून बुडाली. तिच्या नावाचा कायदा २००७ मध्ये झाला, आणि आता सपाट जाळी नसते, फुगीर असते. जुना टब घेताना आधी ती जाळी बघावी. तुटलेली असेल तर बदलेपर्यंत कुणी उतरू नये. पाच वर्षांखालच्या मुलांना तर टबात उतरवूच नये, आणि गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

२०२० मध्ये सगळे घरी अडकले आणि टब संपले. महिनोन् महिने वाट बघायची वेळ आली. ज्यांना धीर नव्हता त्यांनी फुगवायचे टब घेतले, आणि उष्णता न धरणाऱ्या त्यांच्या पातळ भिंतींनी बिलाचा धक्का दिला. त्याच लाटेत लोणावळा, मुळशी, कर्जतच्या बंगल्यांवर आणि पुण्यातल्या उंच इमारतींच्या गच्च्यांवर टब चढायला लागले. तिथे पाणी आणि वीज यांआधी स्लॅबचा विचार करावा. भरलेला टब आणि पाच माणसं मिळून सव्वादोन टन होतात, सव्वादोन मीटर बाजूच्या चौरसात वाटले तर प्रत्येक चौरस मीटरवर साडेचारशे किलो. आपल्या मानकात वावराच्या गच्चीसाठी दीडशे आणि घरातल्या मजल्यासाठी दोनशे किलोच धरलेले असतात. "बिल्डर म्हणतो चालेल" हे उत्तर नव्हे. संरचना अभियंत्याची सही हवी, आणि टब खांबांजवळ, तुळयांवर बसवायला हवा. विजेच्या वेगळ्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच लाइन तोडणारा संरक्षक, तर हवाच. अमेरिकेत टबाचा संरक्षक ५ मिलिअँपिअरच्या आसपास तुटतो, कारण ओला माणूस आणि हीटर एकाच पाण्यात असतात.

दहा-बारा वर्षांनी मालक कंटाळतात. "फुकट, स्वतः उचलून न्या" अशा जाहिराती येतात, आणि उचलायला चार जण लागतात म्हणून कुणी येत नाही. मग कवच जागच्या जागी कापतात: आधी वीज तोडून पंप, हीटर, नियंत्रण काढून विकायचं, ते विकलं जातं. मग कपाटाच्या फळ्या. मग रेसिप्रोकेटिंग करवतीने कवच चौघांना उचलेल अशा तुकड्यांत. फायबरग्लासची धूळ उडते, म्हणून मास्क, चष्मा, लांब बाह्या आणि कामानंतर अंघोळ.  अॅक्रिलिक आणि फायबरग्लास एकमेकांना जन्मभरासाठी चिकटलेले असतात, त्यामुळे तुकडे कचराडेपोतच जातात. लाकडी पिंपाच्या मात्र कड्या सोडल्या की फळ्या आपोआप सुट्या पडतात. वाळवून रंधल्या की आतून गुलाबी निघतात, आणि लोक त्यांची बाकं करतात.